शेवग्याच्या बिया आणि मावशींची विहीर

आमच्या घरात शेवग्याच्या शेंगेला मान होता तो फक्त आमटीपुरता. शेंग चावायची, चोथा ताटाच्या कडेला ठेवायचा आणि झाडावर जून होऊन वाळलेल्या शेंगेकडे कुणी ढुंकूनही बघायचं नाही. माझी वहिनी घरात आली आणि त्या वाळक्या शेंगांनी आमचं स्वयंपाकघर, ओटा, खिडकीची पाळी आणि माझा अभ्यासाचा कोपरा, सगळं काबीज केलं. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला कुठल्याही गोष्टीचा राग पटकन यायचा. त्या शेंगांचा तर फारच आला होता.

ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. आम्ही डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला भाड्याने राहायचो. आई, दादा, वहिनी आणि मी. बैठं कौलारू घर, पुढे अंगण, अंगणाच्या पलीकडे घरमालकांचं घर आणि दोन्ही घरांच्या मधोमध त्यांची विहीर. घरमालक आगरी. त्यांच्या आधीच्या पिढीची सगळी हयात शेतात आणि मिठागरात गेलेली. आता शेतांवर इमारती उभ्या राहत होत्या आणि घरातले मुलगे मोटारसायकलवरून फिरत होते. पण घराचा कारभार त्यांच्या आईच्या हातात होता. तिला आम्ही मावशी म्हणायचो. घट्ट काष्टा, कपाळभर कुंकू आणि आवाज असा की त्या अंगणात बोलल्या तरी गल्लीच्या टोकाचा वाणी दचकावा.

मावशींना दोन गोष्टींचा अभिमान होता. एक आपल्या हातच्या तांदळाच्या भाकरीचा आणि दुसरा विहिरीचा. विहिरीला त्या बाव म्हणायच्या. खाडी इतकी जवळ की भरतीच्या वाऱ्याबरोबर चिखलाचा वास घरात यायचा, तरी त्या विहिरीचं पाणी गोडं होतं. त्यांच्या घराण्यात रीत होती. मुलीच्या हळदीला, तिच्या आंघोळीचं पाणी त्याच विहिरीचं. बायका वाजतगाजत विहिरीवर जायच्या, कठड्याला हळदकुंकू लावायच्या आणि घरच्या बाईने पहिला हंडा ओढायचा. मावशींच्या नणंदा त्या पाण्याने न्हाल्या, पुतण्या न्हाल्या, थोरल्या मुलीही न्हाल्या. आता शेवटची धाकटी राहिली होती. तिचं लग्न वैशाखात ठरलं होतं.

आणि विहीर लाल झाली होती.

हे कसं झालं ते सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे त्याबद्दल कुणी बोलत नसे. मावशींच्या मोठ्या मुलाने मागची मोकळी जागा धागा रंगवणाऱ्या एका माणसाला दिली होती. पत्र्याची शेड उभी राहिली, आत कढया लागल्या आणि रंगाचं उरलेलं पाणी शेडमागच्या खड्ड्यात सोडलं जाऊ लागलं. खड्डा कधी भरून वाहिला नाही, म्हणून सगळे निश्चिंत. ते पाणी जमिनीतून कुठे चाललंय हे कळेपर्यंत रंगवणारा गाशा गुंडाळून दुसरीकडे गेला होता. भांडायलाही समोर कुणी उरलं नाही. विहिरीचं पाणी आधी फिक्कट चहासारखं झालं आणि मग जांभळट लाल. प्यायला सकाळी नळ यायचा, पण धुणं आम्ही विहिरीवरच करायचो. दादाचे ऑफिसचे पांढरे शर्ट गुलाबी झाले. ऑफिसातले लोक त्याला विचारायचे, तुमच्याकडे रंगपंचमी संपत नाही का?

मोठ्या मुलाचं म्हणणं, विहीर बुजवून टाकू. जागेवर इमारत उभी करायची बोलणी चाललीच होती आणि विहीर नेमकी मधोमध येत होती. तो वाईट माणूस मुळीच नव्हता. आपल्यामुळे झालं हे त्याला डाचत होतं आणि रोज सकाळी उठून ते लाल पाणी बघणं त्याला नको झालं होतं, असं मला आता वाटतं. तेव्हा मात्र मी त्याला मनातल्या मनात बऱ्याच शिव्या घातल्या. होळी झाल्यावर एका सकाळी मायलेकांचं विहिरीपाशीच जुंपलं.

"आय, टेन्शन कशाला घेतेस? बोरिंग मारू ना," तो म्हणाला.

"तुज्या बोरिंगला हलदकुंकू लावू?" मावशींनी कठड्यावर बसकण मारली. "माजे सासूनी माना हितंच पयला हंडा दिला. माजी पोर हितल्याच पान्यान न्हानार."

"या पान्यान? अगो, पोरगी लाल व्हईल!"

शेवटी आजूबाजूच्या चार जाणत्यांनी मध्ये पडून तोडगा काढला. धाकटीच्या हळदीला विहिरीचं पाणी चाललं तर विहीर राहील. नाही चाललं, तर लग्न उरकलं की भराव टाकायचा. मावशींनी मान हलवली, पण त्या कठड्यावरून उठेनात. पदराने डोळे पुसत तिथेच बसून राहिल्या. त्या बाईला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं आणि मला ते अजिबात बघवलं नाही.

वहिनी त्या वेळी ओट्यावर पोळ्या करत होती. तिने गॅस बंद केला, हात धुतले, सरबताची रिकामी बाटली घेतली आणि विहिरीवर जाऊन ती लाल पाण्याने भरून आणली. मावशींना ती एवढंच म्हणाली, "बघते काही होतंय का. होईलच असं नाही हं."

वहिनीच्या स्वभावाचं सगळं सार या वाक्यात आहे. कल्याणच्या एका कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवायची. घरात आल्यापासून तिने कुणालाही कशाचं वचन दिलेलं मला आठवत नाही. खीर गोड झालीय का विचारलं तरी चाखल्याशिवाय हो म्हणायची नाही. मला याची गंमत वाटायची, आईला चीड यायची आणि दादा तर तिच्या या गुणावर भाळूनच लग्नाला उभा राहिला होता.

पहिल्यांदा अर्थातच तुरटी झाली. मावशींनी स्वतः आधी तुरटीचे खडे फिरवून पाहिले होते. गाळ बसायचा, लाली तशीच. मग वहिनीने विटेचा भुगा, कोळशाची पूड, काय काय करून पाहिलं. कोळशाने पाणी थोडं फिकं व्हायचं, पण तेवढ्यासाठी आमची मोरी काळीठिक्कर पडायची आणि ती घासायची माझ्यावर. आणि मग एक दिवस ती कॉलेजातून आली ती पिशवीभर वाळक्या शेंगा घेऊनच. आफ्रिकेत काही ठिकाणी बायका नदीच्या गढूळ पाण्यात शेवग्याच्या बियांची पूड टाकतात आणि पाणी निवळतं, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. गढूळ पाण्याला चालतं, तर रंगीत पाण्याला का नाही, असा तिचा प्रश्न.

शेवग्याची बी मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली. शेंग उकलली की आत काळपट गोल बिया आणि प्रत्येकीला कागदासारखे पातळ तीन पंख. टरफल काढलं की आत पांढराशुभ्र गर. तो खलबत्त्यात कुटायचा, पाण्यात कालवायचा, फडक्यातून गाळायचा आणि ते दुधासारखं पाणी लाल पाण्यात घालून ढवळायचं. वहिनीने मला समजावून सांगितलं ते असं. या बियांत एक प्रथिन असतं. डाळीत असतं तसंच, पण याचा गुण वेगळा. पाण्यातला हा रंग ज्या जातीचा आहे त्या जातीचे कण एकमेकांना लांब ढकलत राहतात, म्हणून ते कधी खाली बसत नाहीत. हे प्रथिन त्या कणांना चिकटतं, त्यांना एकमेकांजवळ आणतं, त्यांचे गठ्ठे होतात आणि जड झाले की तळाला जातात.

"म्हणजे भांडखोर नातेवाइकांना एका पंगतीला बसवणारी काकू," मी म्हटलं.

"तसंच समज," वहिनी हसून म्हणाली. "फक्त आपली काकू अजून पंगतीला आलेली दिसत नाही."

ती खरंच आली नव्हती. काचेच्या बरण्या खिडकीत ओळीने उभ्या राहायच्या आणि सगळ्यांत तेच, लाल पाणी आणि तळाशी जरासा चुरा. वहिनी बियांचं प्रमाण वाढवायची, कमी करायची, जोरात ढवळायची, हळू ढवळायची. कॉलेज, शिकवण्या, स्वयंपाक आणि वर हे. मी तिच्या जागी असते तर बरण्या केव्हाच अंगणात भिरकावल्या असत्या. ती मात्र रोज संध्याकाळी पदर खोचून नव्या उमेदीने बरण्या धुवायची. तिच्या त्या न चिडण्याचा मला हेवा वाटायचा आणि तिच्याविषयी आदर वाटायला लागला तोही त्याच बरण्यांपाशी.

यश आलं ते आईमुळे. आणि आईला आपण काय केलं याचा पत्ताच नव्हता.

झालं असं, की एक दिवस वहिनीला कॉलेजात थांबावं लागणार होतं. जाताना ती आईला म्हणाली, "आई, तेवढ्या बिया सोलून ठेवल्यात, जमलं तर बारीक करून ठेवाल?" आईला खलबत्ता नकोसा होता, तिचा विश्वास पाट्यावर. तिने बिया पाट्यावर घेतल्या, थोडं पाणी शिंपडलं, वरवंटा फिरवला आणि छान गंधासारखं वाटण करून वाटीत काढलं. वहिनीने आल्यावर वाटणाला बोट लावलं. मग बोट जिभेला लावलं आणि तिचा चेहरा बदलला.

"आई, यात मीठ आहे?"

"म्हणजे? मिठाशिवाय वाटण कसं होईल?" आई म्हणाली.

"पण मी मीठ घाला म्हटलं नव्हतं."

"अगं, पाट्यावर काही घेतलं की हात मिठाच्या बरणीकडे जातोच. सांगायला कशाला लागतं? आणि चांगलं मूठभर घातलंय, टिकायला नको?"

वहिनीने डोळे मिटले. आता ठिणगी पडते की काय म्हणून मी पुस्तक मिटून तयारीत बसले. पण बिया वाया घालवायच्या नाहीत, म्हणून ती उठली, ते खारट वाटण कालवून गाळलं आणि एका बरणीत घालून ढवळू लागली. थोड्या वेळाने तिचा हात थांबला. बरणीत लाल पाण्यामध्ये बारीक बारीक गुठळ्या दिसू लागल्या होत्या, नासलेल्या दुधात दिसतात तशा. त्या एकमेकींना चिकटून मोठ्या होत गेल्या आणि सावकाश खाली उतरू लागल्या. आमच्या देखत बरणीचा वरचा भाग फिका झाला, मग आणखी फिका. आम्ही तिघी ओट्यापाशी उभ्या होतो. मला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं, पण वहिनीने हात वर करून मला गप्प केलं, जणू आवाजाने ते सगळं पुन्हा विरघळेल.

नंतर तिने मिठाचं वाटण आणि बिनमिठाचं वाटण शेजारी शेजारी ठेवून पुन्हा पुन्हा करून पाहिलं. नुसत्या पाण्यात बियांतलं ते प्रथिन फार थोडं उतरतं आणि खारट पाण्यात भरपूर उतरतं, हे तिच्या लक्षात आलं. "आई, हे तुमच्यामुळे झालं," ती म्हणाली. आईने नाक मुरडलं. "मी काय केलं? रोजचं वाटण केलं," असं म्हणाली खरी, पण त्या आठवड्यात आमच्याकडे जो कुणी आला त्याला तिने ती बरणी दाखवल्याशिवाय सोडलं नाही. चहा नंतर, बरणी आधी.

मावशींना बोलावलं तेव्हा त्या अनवाणीच धावत आल्या. आईच्या पाट्याची हकिगत ऐकून त्या इतक्या हसल्या की खाली बसल्या. "आमची आख्खी पिढी मिठात गेली गो, न् आमाला नाय सुचला!" मग अंगणात मोठं पिंप आलं. मावशींची धाकटी, जिचं लग्न होतं ती, शेंगा सोलायला आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसू लागली. लाजरी पोर, बोलायची कमी, पण आपल्या न्हाणाचं पाणी आपणच निवळतोय याचं तिला भारी कौतुक होतं. पिंपातलं पाणी निवळलं, फडक्यातून गाळलं आणि काचेच्या ग्लासात घेऊन उन्हात धरलं तर ग्लास रिकामा आहे की भरलेला ते कळू नये. मोठ्या मुलाने ग्लास हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिला. "मानला वैनी तुमाला," तो म्हणाला. "बाव राह्यली."

मावशींनी त्या दिवशी अख्ख्या गल्लीला नारळाच्या वड्या वाटल्या. कल्याणच्या, ठाण्याच्या, कोलशेतच्या सगळ्या पाहुण्यांना निरोप गेले की पाणी बावीचंच.

एकटी वहिनी म्हणत होती, "थांबा जरा. रंग गेला म्हणजे सगळं गेलं असं नाही." पण एवढ्या आनंदात तिचं कोण ऐकतंय?

रंगाबरोबर पाण्यात दुसरं काय काय उतरलं असेल, हे तपासायची यंत्रं तिच्या कॉलेजात नव्हती. मग तिने आमच्या डब्यातले मूग काढले. तीन वाट्या घेतल्या. एकीत नळाच्या पाण्यात मूग भिजवले, दुसरीत विहिरीच्या लाल पाण्यात आणि तिसरीत निवळलेल्या पाण्यात. नळाच्या पाण्यातल्या मुगांना छान लांब मोड आले. लाल पाण्यातले मूग फुगले आणि तसेच कुजले. निवळलेल्या पाण्यातल्या मुगांना पांढरं टोक फुटलं. आम्ही खूश झालो. पण दुसऱ्या दिवशी ती टोकं तपकिरी पडून आखडली.

वहिनीने ती वाटी धुतली. मग तिने पुन्हा मूग भिजवले. पुन्हा तेच. मिठाचा दोष असेल म्हणून नळाच्या पाण्यात तेवढंच मीठ घालून भिजवले, तर त्यांना बिनतक्रार मोड आले. म्हणजे पाण्यात दुसरंच काहीतरी होतं, न दिसणारं. बहुधा धागा रंगवताना वापरलेला कुठलातरी क्षार, असं ती म्हणाली. बहुधा. नक्की सांगता येत नाही म्हणून ती आणखी कष्टी झाली.

मग सुरू झाला पेंडीचा अध्याय. कल्याणच्या बाजारातून तिने घाण्यावरची शेंगदाण्याची पेंड आणली, गुरांना घालतात ती. तेल निघून गेलं तरी पेंडीत प्रथिन असतंच आणि ते असले क्षार धरून ठेवू शकतं, असा तिचा कयास. पेंड धुऊन, फडक्यात पुरचुंड्या बांधून तिने निवळलेल्या पाण्यात सोडल्या. मुगांना खरंच थोडे बरे मोड आले. पण वैशाखातल्या उन्हाळ्यात भिजलेली पेंड ती! दुसऱ्या दिवशी घरभर असा वास सुटला की दादा बाहेर अंगणात जाऊन जेवला आणि गल्लीतली सगळी मांजरं आमच्या दारात जमली. वहिनी पुरचुंड्या धुऊन उन्हात वाळवायची, पुन्हा बांधायची, पुन्हा सोडायची. मोड थोडे लांबायचे. पण नळाच्या पाण्यासारखे शेवटपर्यंत आले नाहीत आणि हळदीचा दिवस उजाडला.

त्या सकाळी मावशींचं अंगण बायकांनी भरून गेलं होतं. मांडव घातला होता, वाजंत्री आले होते, विहिरीच्या कठड्याला झेंडूच्या माळा लावल्या होत्या. आमच्या दारात निवळलेल्या पाण्याचं पिंप झाकून ठेवलेलं. वहिनीचं ठरलं होतं की मावशींना सांगायचं. आईने तिचा हात धरला.

"अगं, दोन तांबे अंगावरून जाणार. कुणी पिणार आहे का ते? एवढ्या माणसांत त्यांचं मन मोडू नकोस. आणि तुझंच नाव खराब होईल."

वहिनीने आपले दोन्ही हात आईपुढे उलटे केले. बोटांची कातडी सालपटं निघून लाल झाली होती, मनगटापर्यंत पुरळ उठलं होतं. इतके दिवस ती पूर्ण बाह्यांची पोलकी घालून वावरत होती आणि आम्हा दोघींच्या ते लक्षातही आलं नव्हतं. "लाल पाण्याने झालं की निवळलेल्याने, ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "दोन्हींत हात होते. पण त्या मुलीचं अंग हळदीने चोळणार आणि वरून हे ओतणार? मला नाही जमणार, आई." आईने तिचे हात आपल्या पदरात धरले.

वहिनी मुगाच्या दोन वाट्या घेऊन अंगणात गेली. मी तिच्यामागे. माझी छाती अभिमानाने भरून आली होती. वाजंत्री थांबले. वहिनीने मावशींच्या समोर वाट्या धरल्या.

"मावशी, हे नळाच्या पाण्यातले मूग. आणि हे आपण निवळलेल्या पाण्यातले. पाणी दिसायला स्वच्छ झालंय, पण चांगलं झालेलं नाही. ज्यात मुगाला नीट मोड येत नाही, त्यात आपल्या मुलीला न्हाऊ घालू नका. मला जमलं नाही. चुकलं असेल तर माफ करा."

मावशींनी दोन्ही वाट्यांकडे पाहिलं. तपकिरी पडलेला एक मोड चिमटीत उचलला आणि तो त्यांच्या बोटात तुटला. मागे कुणीतरी कुजबुजलं, "ऐन टायमाला काय ही बया!" कुणी म्हणालं की आता भराव पडणार. मोठा मुलगा मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. मला वाटलं, आता हा म्हणेल, बघ आय, मी काय सांगत होतो.

मावशी सावकाश म्हणाल्या, "तू गप्प बसली असतीस तं माजी बाव वाचली असती."

"हो," वहिनी म्हणाली.

"न् पोर माजी या पान्यान न्हाली असती."

"हो."

मावशींनी वहिनीच्या हातातल्या वाट्या घेऊन खाली ठेवल्या. त्यांनी कठड्याला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला, आणि रिकामा हंडा उचलून वहिनीच्या कडेवर दिला. "चल. तुज्या नलाचा पानी दे माज्या पोरीला. पयला हंडा तूच भर." मग वाजंत्री वाजू लागले आणि ती सगळी वरात अंगण ओलांडून आमच्या मोरीतल्या नळाशी आली. एवढ्याशा मोरीत बायका मावेनात. नळाची धार करंगळीएवढी, हंडा भरता भरेना आणि बाहेर वाजंत्री आपले वाजवतच राहिले. धाकटीला आमच्या नळाच्या पाण्याने न्हाण घातलं. मावशी तिच्या डोक्यावर पाणी ओतत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मुलीला न्हाऊ घालणाऱ्या प्रत्येक आईचं वाहतं तसं ते होतं, की विहिरीसाठी होतं, हे मी कुणाला विचारलं नाही.

हळद आटोपली तेव्हा बायका जेवायला बसल्या आणि अंगण जरा मोकळं झालं. वहिनी आमच्या दाराशी पिंप रिकामं करायच्या खटपटीत होती, कारण कुणी चुकून त्यातलं पाणी घेऊ नये. मोठा मुलगा तिच्याजवळ आला. कपाळाला, गालांना हळद लागलेली. त्याने पिंपाला हात लावला.

"शेडवाल्यानी जाताना माना सांगलेलं," तो एकदम म्हणाला, "पानी काय नाय होत, चार पावसात साफ होतं. बिल्डर पन बोलतो, बिल्डिंगला काय नाय होत. सगले बोलतात काय नाय होत." त्याने पिंप एका बाजूने उचललं. "तुमी एकल्याच अशा भेटल्या वैनी, की जीनी सोताचाच काम खोटा पाडला. भरावाच्या गाडीला मी नको सांगतो. आता तुमीच सांगा, बाव साफ व्हायला किती उपसायची न् किती वरसां उपसायची. आपून उपसू."

वहिनी इतकी गोंधळून गेली की पिंपाची तिची बाजू हातातून निसटली. मी तिला आजवर असं पाहिलं नव्हतं. कोपऱ्यातून मावशी ऐकत होत्या, त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला होता. वहिनीने पुरळ उठलेल्या हातांनी डोळे पुसले आणि मग तिच्या त्या नेहमीच्या, वचन न देणाऱ्या आवाजात म्हणाली, "आधी लग्न आटपा हो. विहीर काही पळून जात नाही."